केदारनाथची तयारी आणि निम्मा ग्लास

मंडळी, आज आईला लातुरात डॉक्टरकडं नेलं होतं. पुढच्या महिन्यात केदारनाथला जायचं, उंचावर त्रास नको म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "रोज जिना चढा."

आई हसली. "टँकरच्या घागरी तीन मजले मीच चढवते की."

"मग आतापासून रोज तीन लिटर पाणी प्या."

आमच्या गल्लीत टँकर दहा दिवसांनी येतो.

घरी आल्यावर मी तिला मुद्दाम ग्लासभर पाणी दिलं. दुष्काळ पडल्यापासून आमच्यात सगळे वरूनच पितात, उरलेलं परत ओतता यावं म्हणून. तिनं निम्मं पिऊन बाकीचं घागरीत ओतलं.

"पी ना, आई!"

"जात न्हाई रे आता."

एवढंबी पाणी जात न्हाई, तर उंचावर त्रास व्हायचाच, म्हणून तिकिटं रद्द केली. भूक मरते तशी तहानबी मरते. ती परत कशी जागी करायची, कुणाला ठाऊक हाय का?