ज्याचा माल त्याच्या दारात

माझ्या कामाचं कौतुक झालं आणि माझंच टाळकं सडकलं, असं आयुष्यात एकदाच घडलं.

मी पेणची. प्रयोगशाळेत एक पांढरी भुकटी बनवते. तिच्या कणाकणाला इतकी बारीक छिद्रं, की पाण्यातली रसायनं त्यांत अडकून बसतात. रोह्यापलीकडे माझी मावशी राहते. तिच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. जवळच्या नाल्यात रंगाच्या कंपनीचं पाणी सुटतं, सगळ्या गावाला ठाऊक. मावशीनं तक्रार केली, तर कंपनीचे साहेब म्हणाले, "स्वच्छ तर दिसतंय पाणी!" दिसतंय म्हणे! मी भुकटीची पिशवी पिंपात बसवून तिच्या पडवीत ठेवली. विहिरीचं पाणी त्यातून गाळायला लागलो आणि थोड्याच दिवसांत पांढरी भुकटी वांग्यासारखी जांभळी झाली.

साहेब बघायला आले. भुकटी दाखवली, तर लाजायचं सोडून खूश! "मॅडम, कमाल केलीत. कंपनीच्या खर्चानं घरोघरी असं पिंप देऊ. मावशींनी तेवढी तक्रार मागे घ्यावी."

"आणि नाला?"

"आता पिंप आहे ना!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर फोडायचं आणि वर कुलूप बक्षीस द्यायचं! इतकी वर्षं मी खपले ती काय ह्यांचा नाला सुखानं वाहावा म्हणून?

साहेब गेले. मावशी पिंपात डोकावत होती. "ही जांभळी झालेली टाकायची कुठं गो?"

"टाकायची कशाला? ज्याचा माल त्याच्या दारात."

दुसऱ्या दिवशी ओली पिशवी बादलीत घालून आम्ही दोघी रिक्षानं कंपनीच्या गेटवर गेलो. साहेब बाहेर आले. आम्ही पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली. वॉचमन उचलायला वाकला, तसे साहेब दोन पावलं मागे सरकून ओरडले, "हात लावू नकोस! आधी ग्लोव्हज घाल!"

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "साहेब, ह्याच पाण्यात मी भात शिजवला, नातीला न्हाऊ घातलं. तवा नाय बोललात, हात लावू नको म्हणून?"



तक्रार आम्ही मागे घेतलेली नाही. पिशवी जांभळी झाली की रिक्षा बोलावतो.