जाम नदीतला निळा ठिपका

बाळांनो, माझ्या टेबलाच्या काचेखाली जाम नदीचा नकाशा आहे, तो तुम्ही पाहिलाच आहे. त्याला टोपोशीट म्हणतात. त्यावरच्या तपकिरी रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की जमीन सपाट. उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी काळ्या रेघेने दाखवतात. पाणी टिकते तिथेच निळा रंग. मी वर्गात हे इतकी वर्षे शिकवले, पण त्याचा उपयोग झाला तो यंदाच्या चैत्रात.

गुडघा बरा झाला म्हणून माझ्या मोठ्या जाऊबाईंना मारुतीचा नवस फेडायचा होता. नदीकाठी गोवऱ्यांवर रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायचे आणि नैवेद्य दाखवून सगळ्यांनी जेवायचे. आमच्या घरचा नेम असा, की कणीक नदीच्याच पाण्याने भिजवायची. सौंसरहून सगळे ट्रॅक्टरने निघालो. नेहमीच्या जागी उतरलो, तर नुसती वाळू.

तुमच्या आजोबांनी पाण्याची कॅन पुढे केली. जाऊबाई भडकल्या, "नवस नदीकाठचा हाय, कॅनकाठचा नाई!"

नकाशा मी घडी घालून सोबत आणलाच होता. तो ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पसरला.

"आता कागदातून पाणी काढून राह्यली का वं?" जाऊबाई म्हणाल्या.

"बाई, पुढच्या वळणाले डोह हाय. तपकिरी रेषा नदीले चिकटल्या, म्हंजे उभा कडा. तिथंच निळा ठिपका दिसते."

"अन् नसला तं?"

"तं घरी जाऊन खिचडी."

बरा झालेला गुडघा घेऊन जाऊबाईच सगळ्यांच्या पुढे निघाल्या. मागून चालताना मी हिशेब करत होते. नकाशा तुमच्या बाबांपेक्षा वयाने मोठा. तेवढ्या काळात डोह बुजलाही असेल.

वळण आले. कड्याची सावली, सावलीत पाणी, आणि पाण्यात आरामात बसलेल्या म्हशी.

"तुया नकाशात म्हशी नाई दाखवल्या वं?" जाऊबाईंनी विचारले, आणि सगळे हसत सुटले.

मग डोहाच्या वरच्या अंगाला आम्ही वाळूत खड्डा उकरला. आधी गढूळ, मग नितळ पाणी झिरपून वर आले. जाऊबाईंनी कणीक स्वतः भिजवली.

नैवेद्य झाल्यावर पहिला रोडगा त्यांनी फोडला, तुपात बुडवला आणि मला देता देता थेंब नेमका माझ्या मांडीवरच्या नकाशात, निळ्या ठिपक्यावर पाडला. त्या नकाशाला मी आजवर शाईचा डागही लागू दिला नव्हता.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेले डोह लवकर सापडन."

राहू दिला आहे. तुम्ही आलात की काचेखाली नीट पाहा. निळा ठिपका आता फिका दिसतो, तुपाचा डाग मात्र लांबूनही ओळखता येतो.