वायंडिंगवाल्या अक्का आणि माझी तापट गाडी

'होणार नाही' असं कुणी लेखी दिलं की अक्का तो कागद मागून घ्यायच्या आणि तारांना डाग द्यायच्या आपल्या तापलेल्या कावियाखाली अंथरायच्या. सर्व्हिस सेंटरचे शेरे, कंपन्यांची पत्रं, कुणा मेकॅनिकनं खरडलेली चिठ्ठी, सगळं त्यांच्या टेबलावर जळक्या ठिपक्यांनी भरलेलं असे. माझाही कागद तिथंच गेला.

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, अक्कांचं मोटर भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. घरची भाषा तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. सासरी यंत्रमाग होते. माग बंद पडले, भंगारात गेले आणि पाठोपाठ नवराही गेला. तेव्हा दीर म्हणाले, "विड्या वळ, घरात बसून होईल." अक्का म्हणाल्या, "कादु." तेलुगूत कादु म्हणजे 'नाही, तसं नाही.' मागांच्या मोटरींचं वायंडिंग त्या नवऱ्याशेजारी बसून शिकल्या होत्या. माग गेले तरी हात होते. त्या हातांनी त्यांनी पंप भरले, मिक्सर भरले आणि नंतर गाड्यांचे फॅन. 'कादु' एवढा एकच शब्द त्यांनी मराठीत आणताना बदलला नाही.

मी तंत्रनिकेतनात शिकवतो. विषय उष्णतेचा आणि गाडी मात्र माझीच उकळायची. छोटी टर्बो पेट्रोल गाडी, तिच्या इंजिनाची ताकद मी हौसेनं वाढवून घेतली होती. वैरागच्या रस्त्यावर ती वाऱ्यासारखी पळायची. गावात शिरून सिग्नलला उभी राहिली, एसी चालू असला, की काटा लाल रेघेकडे निघायचा. सर्व्हिस सेंटरनं लिहून दिलं, 'इंजिन पूर्ववत करावे. सोलापूरच्या उन्हात याला उपाय नाही.'

अक्कांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, "पळताना गरम होती का?"

"नाही."

"थांबल्यावरच?"

"हो."

"मग पाणी बरोबर हाय, वारा कमी पडतोय. कादु सर, इंजिनाला हात लावायचा न्हाय. फॅन मोठा करू."

मी वहीत केलेली आकडेमोड पुढे केली. त्यांनी ती मन लावून पाहिली. "लई छान लिवलंय. ह्यात ऊन किती धरलंय?" मी आकडा सांगितला. "हे पुस्तकातलं झालं. बॉनेटखालचं किती?" ते मी मोजलेलंच नव्हतं.

भंगारात गेलेल्या एका मोठ्या डिझेल गाडीची फॅनची जोडी त्यांनी शोधून आणली आणि दोन्ही मोटरी स्वतः भरल्या. मग पत्रा कापून रेडिएटरच्या मापाचं घट्ट आवरण केलं. "वारा लबाड असतोय. बाजूला फट दिसली की जाळीतनं जायचं सोडून तिकडनं पळतो. त्याला एकच वाट ठेवायची." हा धडा मी दहा वर्षं शिकवत होतो, पण असा कधी सांगता आला नव्हता.

शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट निघाली. आमचे विभागप्रमुख हसले. "सातवी शिकलेल्या बाईकडून तुम्ही गाडीचं डिझाइन करून घेता?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून बोचतं. दुसऱ्या दिवशी मी ते अक्कांना सांगून टाकलं. त्यांनी पान्हा खाली ठेवला.

"मग त्यांच्याच दारात लावू की गाडी. दुपारी. एसी चालू. एक तास."

मे महिना होता. कॉलेजच्या आवारात डांबर पायाला चिकटत होतं. गाडी सुरू करून आम्ही उभे राहिलो. वीस मिनिटं काटा हलला नाही. मग जळका वास आला, बॉनेटखालून धूर निघाला आणि व्हरांड्यातून हशा उठला. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. अक्कांनी शांतपणे बॅटरी सोडवली, जळालेली तार उपटून काढली आणि ती हातात धरून थेट व्हरांड्यासमोर गेल्या.

"ही बघा. चूक माझी. फॅन मोठा घेतला आणि तार जुनी, बारीक ठेवली."

"आम्ही म्हटलंच होतं," प्रमुख म्हणाले.

"तुमी डिझाइनला हसला होता साहेब. जळली तार. परवा येते. हितंच, ह्याच टायमाला."

आपली चूक इतक्या ताठ मानेनं सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. ठरल्या दिवशी त्या आल्या. जाड तार, जास्त वीज पेलणारा स्वतंत्र रिले-स्विच, आधी एक फॅन सुरू होईल आणि गरज पडली तर दुसरा, अशी जोडणी. त्या स्वतः पदर डोक्यावर घेऊन गाडीशेजारी उन्हात उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तर घेतली नाही. काटा अर्ध्याच्या थोडा वर जायचा, दुसरा फॅन गुरगुरायचा, काटा खाली यायचा. तास भरला. व्हरांड्यात कुणी हसत नव्हतं.

"आज ऊन जरा कमी आहे," प्रमुख म्हणाले.

"मग उद्या येऊ की," अक्का म्हणाल्या.

त्या दुसऱ्या दिवशीही आल्या. प्रमुख बाहेरच आले नाहीत. अक्कांनी तास पुरा केला, मगच गाडी बंद करू दिली.

पुढे कॉलेजात त्यांचं व्याख्यान ठेवावं असं मी सुचवलं. अर्ज नामंजूर झाला, शेरा अक्कांनी मागून नेला. तेव्हापासून मी दरवर्षी माझा वर्गच त्यांच्या दुकानात नेऊ लागलो. माझ्या वर्गात आता 'चूक माझी' म्हणणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. फुप्फुसांत पाणी झालं होतं. त्याआधी चार दिवस मी त्यांना दवाखान्यात भेटलो. बायकांचा मोठा वॉर्ड, उकाड्यानं सगळ्याजणी बेजार. अक्का छताकडे बघत होत्या.

"सर, हा फॅन उलटा फिरतोय. वारा वर चाललाय."

"आजी, पडून राहा, फॅन चालू आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"कादु."

शेवटी वायरमन आला. "कालच भरून आणलाय," तो कुरकुरला.

"म्हणूनच. भरणाऱ्यानं टोकं उलटी जोडली. आदलाबदल कर."

एकेका शब्दाला त्यांना धाप लागत होती. तो शिडीवर चढला, तारा बदलल्या, बटण दाबलं. समोरच्या खाटेवरच्या बाईची चादर फडफडली आणि तिनं डोळे मिटून घेतले. वायरमन शिडी मिटवू लागला, तेव्हा सलाइन लावलेला हात अक्कांनी वर केला.

"थांब. दाराजवळचाबी तसाच हाय."