चिपचा ताप बघणारे मामा

लॅबमामा चिपला ताप आलाय का ते बघायचे. मीटर शेजारी असला तरी आधी उलटा हात चिपला लावायचे, आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा, आणि म्हणायचे, "हिला काय तरी होतंय." बहुतेक वेळा होतच असायचं.

कर्जतजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते हार्डवेअर लॅबचे सहायक होते. शिक्षण आयटीआयचं, गाव खालापूरकडचं. सर लोक संगणकावरच्या आकृत्या बघून छान म्हणत. मामा तिकडे फिरकतही नसत. "पडद्यावर सगलंच चालतं गं," म्हणायचे.

शेवटच्या वर्षी स्नेहल आणि मी एकच काम करणारा प्रोसेसर बनवत होतो. सेन्सरचे आकडे सतत तपासायचे आणि गॅसची गळती ओळखून बझर वाजवायचा, बस. कामगाराच्या खिशात मावेल असं यंत्र करायचं होतं. कल्पना माझी, कारण माझे बाबा रसायनीला केमिकल कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. संगणकावर तो कधीच चुकला नाही. बोर्डावर उतरवला, तर दहातून एक-दोनदा गप्प बसायचा. चिप गार होती, मामांच्या हातालाही काही कळेना. तीन आठवडे गेले.

प्रोजेक्टच्या परीक्षेच्या आदल्या दुपारी आम्ही हरलो. प्रोसेसरला सेन्सरचं ऐकणंच बंद करायला लावलं. बटण दाबलं की पाच सेकंदांनी बझर वाजेल, असं करून ठेवलं. मामा मांडणी बघायला आले. मी बटण दाबलं, लायटरचा गॅस सोडला, बझर वाजला. मामांनी सेन्सरची वायर उपटली आणि पुन्हा बटण दाबायला सांगितलं.

बझर वाजला.

स्नेहल रडायला लागली. उद्याचा दिवस निघू द्या, म्हणून मी हात जोडले. मामांनी वर सांगितलं असतं तर आमचं वर्ष गेलं असतं. त्यांनी उपटलेली वायर टेबलावर ठेवली. मग मला विचारलं, "हा बाबांच्या खिशात ठेवशील?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग ही लबाडी काढ. चुकतो तर चुकतो, सांग. मी कुनाला बोलनार नाय."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी दहा वेळा गॅस सोडला. दोनदा बझर वाजला नाही. मी म्हणाले, चूक आहे, कारण सापडलेलं नाही. त्यांनी वही मिटली. आम्ही पास झालो, जेमतेम.

निकालानंतर मामांनी आम्हाला बोलावलं आणि लॅब उघडून दिली. चौथ्या दिवशी कारण हाती लागलं. सेन्सरचा संदेश नेमका प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाच्या ठोक्यावर आला, तर अर्धवट वाचला जात होता. तो दोन ठोके थोपवून मग आत सोडला. मामांनी स्वतः शंभर वेळा लायटर दाबला, अंगठा लाल होईपर्यंत. शंभरही वेळा बझर वाजला. गुण वाढणार नव्हते, बघायला कुणी नव्हतं. मामांनी तिघांसाठी चहा मागवला.

गेल्या वर्षी मामा गेले. स्नेहलचा फोन आला तेव्हा मी बंगळूरच्या ऑफिसात होते. मी आता चिप तपासण्याचंच काम करते. समोरच्या डिझाइनच्या दोन चाचण्या राहिल्या होत्या आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत माझी मान्यता हवी होती. मी सांगितलं, अजून दोन दिवस लागतील. ते चिडून निघून गेले. मी तोंड धुऊन आले आणि पहिली चाचणी लावली.