चुन्याचा वास

आज आमच्या भटकंती मंडळानं मैलूरबाहेरच्या पायवाटेवरचे दगड चुन्यानं रंगवले. ओल्या चुन्याचा वास आला आणि शांताक्का आठवल्या.

त्या आमच्या मंडळातल्या निवृत्त शिक्षिका. कुणी मागं राहू नये म्हणून नेहमी सगळ्यांच्या शेवटी चालायच्या. खूप वर्षांपूर्वी हेच दगड रंगवताना त्यांना दम लागला, त्या मटकन खाली बसल्या.

"अक्का, तुमच्यामुळं सगळे खोळंबायलेत. आता घरीच थांबत जा," मी चारचौघांत बोललो. मला ती शिस्त वाटली होती. आता लाज वाटते.

"व्हय, खरं हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

नंतर त्या रविवारच्या भटकंतीला आल्याच नाहीत. वर्षभरात गेल्या. सांत्वनाला गेलो तेव्हा त्यांची लेक म्हणाली, "आई दर रविवारी तयार होऊन दारात बसायची. बोलवायला कुणी आलंच न्हाई."