कोर्ट उठेपर्यंत

सेवकराम फुंडे हा कामठ्याच्या पलीकडच्या एका लहान गावचा. गोंदियाच्या ज्या राइस मिलचे दफ्तर मी सांभाळतो, तिथे तो १९५३ च्या दिवाळीनंतर कामाला आला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. उकडलेले धान अंगणात पसरायचे, पायाने चाळवायचे आणि ऊन उतरण्याच्या आत ढीग करायचे, हे त्याचे काम. दुपारच्या सुटीत बाकीचे लोक सावलीला बसून बिड्या पेटवत आणि हा मिलच्या कुंपणाला फेऱ्या मारत धावत असे.

"काऊन रे, मागं कुत्रं लागलं का?" कोणी ओरडे.

"पलटनीत जाऊन राहिलो न बाप्पा! धावाची सवय नको का?"

ही थट्टा नव्हती. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते. आई रुख्मा आणि तो वडिलांच्या थोरल्या भावाच्या, बकारामच्या घरी राहत. बकाराम गावचा मुकद्दम, म्हणजे पाटलासारखा गावप्रमुख. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या मुलांच्या ताटात जे, तेच सेवकरामच्या ताटात. पण घर बकारामचे, बैल बकारामचे, बोलणे बकारामचे. रुख्मा दाराआड उभी राहून ऐके. आमच्याकडे बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. त्याच्यासमोर पदर पुढे ओढते आणि काही सांगायचेच असले तर लेकरामार्फत सांगते. रुख्माने वीस वर्षे अशीच काढली होती. सेवकराम म्हणे, "पोस्टमननं दारात येऊन माह्या आईचं नाव घ्याले पायजे. बकाराम मुकद्दमाच्या घरची बाई नाही, रुख्माबाई फुंडे."

त्यासाठी त्याला फौजेत जायचे होते, तिथून आईच्या नावाने मनिऑर्डर पाठवायची होती. पण मिलमध्ये येण्यापूर्वी, १९५२ साली, एक गोष्ट घडून गेली होती.

त्या वर्षी आश्विनात पावसाने ओढ दिली. धान निसवायला आले होते, आणि त्या आठ-दहा दिवसांत पाणी मिळाले नाही तर लोंबी पोचट राहते. गावाच्या तलावाला मातीच्या बांधात एक तोंड असते, त्याला तुडूम म्हणतात. ते कोणी, केव्हा उघडायचे याची पाळी ठरलेली. पूर्वी कोणी पाळी मोडली तर मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, बोलावून घेई, चार शिव्या देई आणि मिटे. पण आदल्या वर्षी मालगुजारी गेली होती आणि तलाव सरकारचा झाला होता. गावाला हे ऐकून माहीत होते, पण उमजले नव्हते. बकारामने पहाटे तुडूम उघडले, स्वतःच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी घेतले आणि घरी येऊन चहा प्याला. ज्याची पाळी होती तो मालगुजाराकडे न जाता ठाण्यात गेला.

खटला होणार हे कळल्यावर घरात बैठक बसली. आमच्या भागातली ही जुनी रीत आहे. घरावर केस आली की ज्याच्या नावावर काही नाही असा अविवाहित गडी ती अंगावर घेतो. त्याची जमीन जात नाही, पद जात नाही, आणि कर्त्या माणसाची अब्रू राहते. बकारामची मुकद्दमी होती. सेवकरामच्या नावावर काहीच नव्हते.

"कबूल म्हणायचं अन् घरी यायचं," बकाराम म्हणाला. "मास्तरानं वर्गात उभं केलं समज."

सेवकराम गोंदियाच्या कोर्टात उभा राहिला आणि "तुडूम म्या उघडलं, कबूल" म्हणाला. मॅजिस्ट्रेटने वीस रुपये दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत थांबायला सांगितले. साडेअकरापासून पाचपर्यंत तो भिंतीजवळच्या बाकावर बसून राहिला. बाहेर आल्यावर बकारामने त्याला हॉटेलात नेऊन जिलेबी चारली. गावात दोन दिवस "कोर्टाची हवा खाऊन आला" अशी चेष्टा झाली आणि लोक विसरले.

१९५५ च्या जानेवारीत गोंदियाला भरतीची पार्टी आली. आदल्या दिवशी सेवकराम माझ्या टेबलाशी आला. काय काय विचारतात ते त्याने कोणाकडून तरी उतरवून आणले होते. एक प्रश्न असा होता, की तुला कधी कैद झाली आहे काय.

"बाबूजी, याले काय सांगू?"

"तुला कैद कुठे झाली? दंड झाला," मी म्हणालो. "नाही म्हण."

निकालाची नक्कल मी पाहिली नव्हती, मागवलीही नव्हती. कागद पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये, असे मी दफ्तरातल्या पोरांना रोज सांगतो. त्या दिवशी मी ते पाळले नाही.

तो धावण्यात तिसरा आला. छाती, नजर, दात, सगळे पास. प्रश्नाला "नाही" म्हणाला, खाली अंगठ्याऐवजी सही केली आणि छोट्या लाइनच्या गाडीने जबलपूरला गेला. नऊ आठवडे तो तिथे होता. दर पंधरा दिवसांनी रुख्माबाई फुंडे या नावाने कार्ड येई, आणि रुख्मा ते वाचून घेण्यासाठी नाही, तर पोस्टमनच्या तोंडून पत्ता ऐकण्यासाठी ओट्यावर येऊन उभी राही.

दहाव्या आठवड्यात ठाण्याकडून त्याच्या चौकशीचा कागद जबलपूरला पोचला. सेवकरामला कॅप्टनसमोर उभे केले. पुढचे त्याने मला स्वतः सांगितले आहे.

"सजा हुई थी?" कॅप्टनने विचारले.

"दंड हुआ था, साब."

"यहाँ लिखा है, कोर्ट उठने तक सादी कैद."

"साब, मैं तो बस बैठा था. बेंच पर."

"उसी को कैद कहते हैं," कॅप्टन म्हणाला.

सेवकराम म्हणे, त्या वेळी पायाखालची फरशी थंड आहे एवढेच त्याला कळत होते. कॅप्टनने त्याला समजावून सांगितले. पाण्याच्या भांडणासाठी फौज कोणाला परत पाठवतेच असे नाही. पण भरतीच्या वेळी विचारल्यावर "नाही" म्हटले, हा वेगळा गुन्हा झाला. मग त्याने विचारले की पाणी खरेच तू सोडलेस का. सेवकराम गप्प राहिला. कॅप्टनने ते गप्प राहणे ओळखले असावे. त्याने पंधरा दिवसांची रजा दिली आणि सांगितले, की ज्याने केले त्याने लिहून द्यावे, मग मी वर पाठवून पाहीन. वचन देत नाही.

सेवकराम गावी आला. तीन दिवस त्याने बकारामपाशी विषय काढला नाही. आईला मात्र पहिल्याच दिवशी सगळे सांगितले. बकारामच्याही कानावर गेलेच होते. चौथ्या दिवशी जेवताना बकाराम आपण होऊन म्हणाला, "मी लिवून देलं तं मुकद्दमी जाईन. पंचवीस वर्षांची हाय. लोकं काय म्हणतीन?"

सेवकराम मान खाली घालून जेवत राहिला. तेवढ्यात दाराआडून रुख्मा बाहेर आली. पदर होता तेवढाच होता, पुढे ओढलेला नव्हता.

"भासरेबा," ती म्हणाली, "माह्या पोराले लोकांनी कोर्टाची हवा खाल्ली म्हणलं, तवा तुमी हसले. मी भाकरी थापून राहिली होती, तुमचं हसणं मले ऐकू आलं. तो तुमच्यापायी बसला. आता तुमी जा."

बकारामच्या बायकोच्या हातातले वरणाचे भांडे तसेच राहिले. बकाराम ताटावरून उठला, हात धुतला आणि बंडी घालून बाहेर गेला. रागाने गेला असे सगळ्यांना वाटले. तो बैल जुंपत होता.

गोंदियाला तो आधी माझ्याकडे आला आणि मी त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. मुन्शी छोटेलाल जुना माणूस होता. सगळे ऐकून त्याने टाक खाली ठेवला.

"मुकद्दमजी, तीन साल बाद सच की याद आई? सोच लो. आप भी फँसोगे, और लड़के ने कोर्ट में झूठ बोला, ये अलग."

"लिवा," बकाराम म्हणाला.

"भतीजा बच जाएगा, ये मत समझना."

"समजलं. तुमी लिवा न."

जबाब लिहिला गेला. महिनाभराने मुकद्दमी गेली, हे इथेच सांगून टाकतो. पुन्हा खटला मात्र कोणी भरला नाही. जबाबाची नक्कल घेऊन सेवकराम जबलपूरला निघाला तेव्हा बकारामही गाडीत चढला. "कागद बोलत नाही, माणूस बोलते," एवढेच म्हणाला. जन्मात बालाघाटच्या पुढे तो गेलेला नव्हता.

कॅप्टनसमोर पागोटे काढून हातात घेत तो म्हणाला, "साहेब, तुडूम म्या उघडलं. हा तं घरी झोपून होता. कोर्टात याले म्या उभा केला." मराठी कॅप्टनला कितपत कळले कोण जाणे, पण त्याने म्हाताऱ्याला खुर्ची दिली. कागद वर गेला. दोघे धर्मशाळेत राहिले. पाचव्या दिवशी उत्तर आले. कोर्टाचा निकाल आहे तो आहे. वरच्या कोर्टाने तो फिरवला तरच फौज तो रद्द झाला असे मानील, आणि तोवर रंगरूटाला ठेवून घेता येत नाही. नाव कमी केले. कॅप्टनने एवढे केले, की कागदावर वर्तणूक चांगली असे लिहिले.

परतीच्या गाडीत नैनपूर गेल्यावर बकाराम बोलला. "आपुन अपील करू."

"अपील होईस्तोवर माहं वय निघून जाईन, मोठेबा."

"मंग मले शिव्या तरी दे. असा गप काऊन बसून राहिला?"

"राग होता, तो आई बोलली तवाच सरला," सेवकराम म्हणाला. "आता मले धावाचं नाही एवढंच वाटून राहिलं."

तो पुन्हा मिलमध्ये आला. वर्षभरात अंगणाच्या कामावर मुकादम झाला. गोंदियात एक खोली घेऊन आईला घेऊन आला. दुपारी तो आता इतरांबरोबर सावलीला बसे. कोणी पलटनीचा विषय काढला तर उठून जात नसे, पण बोलतही नसे.

१९५७ मध्ये तिरोड्याकडचे एक स्थळ आले. मुलीचे नाव शामकला, बापाचे नाव केवळराम. मुलगी पाहायला सेवकराम, बकाराम आणि मी असे तिघे गेलो. पाणी पिऊन झाले, पोहे अजून आले नव्हते, तेवढ्यात सेवकराम म्हणाला, "मामाजी, एक सांगतो. मले कैद झाली होती."

केवळरामने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "कायची?"

"तलावाच्या पाण्याची."

"किती दिवस?"

"साडेअकरापासून पाच वाजेपर्यंत."

आत बायका हसल्या. केवळराम हसला नाही. "पलटनीतून याच्यापायीच परत आला का? आमी ऐकलं होतं, पोरगं चोरीत सापडलं म्हणून."

"हो, याच्यापायीच."

"पाणी सोडलं होतं का तू?"

बकाराम भिंतीला टेकून बसला होता. तो सरळ झाला आणि म्हणाला, "त्यानं नाही. म्या सोडलं. बसाले तो गेला."

सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडचा वडीलधारा माणूस असे काही आपल्या तोंडाने सांगत नाही. केवळरामने अडकित्ता उचलला, सुपारी न कातरता पुन्हा खाली ठेवला.

"मंग तुमी कायले कबूल करून राहिले?" तो म्हणाला. "पोरगी का तुमाले द्यायची हाय?"

आता बकारामसकट सगळे हसले. केवळराम मात्र पुढे म्हणाला, "आमच्या गावात पाण्यासाठी डोकी फुटतेत. कोणी कबूल नाही करत. तुमी दोघं न विचारता सांगून राहिले." मग त्याने आत वळून शामकलेला पोहे आणायला सांगितले.

वैशाखात लग्न झाले. वरमाय म्हणून रुख्मा मांडवात पुढे बसली होती, आणि बकारामने काही विचारले की सगळ्यांदेखत उत्तर देत होती.