लेबलांवरचा हक्क

आमची वहिनी घरी बसून बाटल्यांच्या लेबलांची चित्रं करते. नोकरी नाही, कामागणिक पैसे. शाम्पूच्या एका छोट्या कारखान्याने तिच्याकडून सगळी लेबलं करून घेतली आणि मालक ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणत तिला झुलवत राहिला. इकडे आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच पैशांवर अडलेलं. दादाचा पगार महिन्याच्या मध्यालाच धापा टाकतो, आणि माझ्याकडे मागण्यात अर्थ नाही हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

शेवटी मीच तिला ओढत वकिलाकडे नेलं. तो म्हणाला, “नोटीस पाठवा. नाही ऐकलं तर दावा लावा, पण त्यात वर्षं जातील. बसून समेट होतो का तेही बघा. कारखान्याने दिवाळं काढलं, तर मात्र तुम्ही रांगेत सगळ्यांच्या मागे.” मग करार वाचता वाचता तो खुर्चीत सरसावला. पैसे चुकते होईपर्यंत चित्रांवरचा हक्क वहिनीचाच होता. “छापखान्याला पत्र टाका. छपाई थांबेल. लेबलाशिवाय बाटली बाहेर जाते का?”

पत्र टाकताना वहिनी कुरकुरत होती. “भाऊजी, तो माणूस खरंच अडचणीत आहे हो.”

“मग आपण काय मजेत आहोत?”

छपाई थांबली, आणि दुसऱ्याच दिवशी मालक स्वतः आला. टेबलावर पाकीट ठेवलं, पाणीही घेतलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, “पॅकिंगच्या बायकांचा पगार होता हा.” वहिनी पाकीट घेऊन त्याच्यामागे दारापर्यंत गेली. मग आईच्या खोलीकडे पाहिलं आणि परत येऊन बसली.

ऑपरेशन छान झालं. कारखान्याला मात्र टाळं लागलं. वहिनीला जेवण जाईना. मी समजूत काढायला गेलो की अंगावर यायची.

परवा मी आणि वहिनी औषधाच्या दुकानात गेलो, तिथे त्या कारखान्यातली पॅकिंगची एक बाई भेटली. “ताई, तुमचे पैसे वकिलाने काढून दिले म्हणे. त्यांचा नंबर द्याल? आमचा पगार बुडालाय.”

वहिनीने नंबर लिहून दिला.

“फी किती घेतात हो?”

“ती मी भरेन.”

बाईचे डोळे भरून आले. “तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता,” म्हणाली.

घरात शिरल्यावर वहिनी चपलाही न काढता म्हणाली, “ती मला चांगलं म्हणाली, भाऊजी. आणि मी म्हणू दिलं.”